एकशे एक वाट्या आणि एकशे चाळीस तिवरं

अल रीम आयलंड, अबू धाबी
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

प्रिय गोपीनाथ,

हे पत्र खैरुद्दीनच्या हाती देतोय. तुझ्या मसाल्यांची गाडी घेऊन तो दर गुरुवारी इथल्या दुकानांत येतोच, त्यात एक पाकीट जास्त. फोनवर तू ऐकत नाहीस, बोलतोस. व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही पाठवलं की अंगठा दाखवतोस. १९९१ साली बर दुबईच्या एका खोलीत आपण आठ जण राहायचो, तेव्हा तुझ्या घरची पत्रंसुद्धा मीच लिहून द्यायचो, कारण तुझं अक्षर तुझ्या आईला लागत नसे. तेव्हा पत्राचा मान ठेव आणि शेवटपर्यंत वाच.

आमच्या इमारतीमागे खाडी आहे आणि खाडीत तिवरं आहेत. आम्हा रहिवाशांचा एक गट गेली तीन वर्षं तिथे रोपं लावतो. एमान नावाची इथलीच एक मुलगी ते सगळं बघते. वय अठ्ठावीस, शिस्त हेडबाईंची. प्रत्येकाला चिखलातला एक पट्टा नेमून दिलाय. महिन्यातून दोनदा ओहोटीला उतरायचं, रोपांत अडकलेल्या पिशव्या काढायच्या, शेवाळ सोडवायचं, किती जगली ते मोजायचं. असं करणाऱ्याला आम्ही पालक म्हणतो.

आमच्यातला एक म्हातारा पालक मे अखेरीस कायमचा गावी चाललाय. नोकरी संपली, व्हिसा संपला, खलास. त्याची एकशे चाळीस रोपं आहेत. नवा पालक मिळाला नाही तर तो पट्टा एखाद्या कंपनीला देतील. ते लोक वर्षातून एकदा टोप्या घालून येतात, फोटो काढतात आणि जातात. तेवढ्यावर रोपं जगत नाहीत. म्हाताऱ्याच्या नावावर या देशात घर नाही, दुकान नाही, ही रोपं तेवढी आहेत. बिचारा फार काळजीत असतो.

तर तू पालक हो. दुबईहून दीड तासाचा तर रस्ता.

तुझा
जेरार्ड

*

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क
१६ जानेवारी

श्री. रा. रा. जेरार्डशेठ तुस्कानो यांस,

पत्र पोचलं. फॅक्टरीत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. माझा रुपेश म्हणाला, ‘बाबा, अंकल रिटायरमेंटची प्रॅक्टिस करतायत.’

अरे, तिवराला पालक? आमच्या वेंगुर्ल्याकडे तिवरात उतरलेल्या पोराला मार पडायचा. तुमच्या वसईतही काही वेगळं नसणार. तिवर आपोआप येतं, आपोआप वाढतं. त्याला पालक लागतात हे मी या वयात ऐकतोय.

चिखलात उतरायला मला वेळ नाही. नवं चकलीचं मशीन आलंय आणि ते चकली सोडून सगळं काढतं. पण गोपीनाथ राऊळ हात आखडणारा माणूस नाही. सोबत हजार दिरहॅम आहेत, म्हणजे आपले तेवीस-चोवीस हजार. एक माळी ठेवा आणि त्या म्हाताऱ्याला निश्चिंत मनाने घरी धाडा.

अट एकच. नाव लागलं पाहिजे. आमच्या वडिलांनी देवळाला पंखा दिला होता, त्याच्या तिन्ही पात्यांवर त्यांचं नाव होतं. पंखा चालू असताना दिसायचं नाही, म्हणून ते आरतीनंतर मुद्दाम बंद करायला लावत. दान गुप्त असावं हे मला मान्य आहे, पण कुणी केलं ते लोकांना कळायला नको का?

तुझा
गोपीनाथ

ता. क. सुझी, लतिका लिहितेय. किती खोकी भरून झाली? घट्ट झाकणांचे डबे टाकू नकोस, वसईच्या पावसात तेच कामाला येतील.

*

अल रीम
२३ जानेवारी

प्रिय गोपीनाथ,

तुझं पाकीट जसंच्या तसं परत पाठवतोय. इथे परवान्याशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही, हे तुला धंदेवाल्याला मी सांगायला हवं का? ते पाकीट एमानने पाहिलं असतं तर त्या म्हाताऱ्याआधी माझीच रवानगी झाली असती. शिवाय माळी चालत नाही. तिचा नियम असा, की ज्याला पट्टा हवा त्याने स्वतः चार वेळा चिखलात उतरलेलं असलं पाहिजे. त्याचा ड्रायव्हर नाही, पोऱ्या नाही, त्याने स्वतः. इथे द्यायचा तो स्वतःचा वेळ एवढाच, आणि तोच तुझ्याकडून निघत नाही.

पाटीचंही जमणार नाही. तिथे भिंत नाही, खांब नाही आणि बगळ्यांना वाचता येत नाही.

लतिकावहिनी कुठल्या खोक्यांबद्दल लिहितात ते मला कळलं नाही. सुझी म्हणते पापडांची असतील. मी पुढे विचारलं नाही.

मसाल्याचा तुझा डबा परत देतोय. रिकामा कसा द्यायचा, म्हणून सुझीने त्यात गावाकडच्या केळ्यांची सुकेळी घातली आहेत. सगळी तू एकटा खाऊ नकोस.

तुझा
जेरार्ड

*

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क
६ फेब्रुवारी

प्रिय जेरार्ड,

सुकेळी मी एकट्याने खाल्ली.

रोख चालत नाही, पाटी चालत नाही, माळी चालत नाही. ठीक आहे. पण हेडबाईंच्या नियमांत वाट्यांबद्दल काही लिहिलेलं नसणार.

मीना बझारमागे ताजबीचं भांड्यांचं दुकान आहे, तिच्याकडे नावं घालायचं मशीन आहे. तिच्याकडून स्टीलच्या एकशे एक वाट्या घेतल्या. प्रत्येकीवर ‘गोपीनाथ राऊळ आणि परिवार, दुबई’ असं इंग्रजी कॅपिटलमध्ये घालून घेतलं, म्हणजे साहेब लोकांनाही वाचता यावं. काठाला भोक पाडून तार ओवली आहे. एकेका रोपाला एकेक वाटी टांगायची. पाटी नको म्हणालास ना, ही पाटी नाही, भांडं आहे. एकशे चाळीस रोपांना एकशे एक पुरणार नाहीत हे मला ठाऊक आहे. बाकीच्यांनी मोठं झाल्यावर मागावं.

पर्णिकाला, रुपेशच्या मुलीला, दाखवल्या. नऊ वर्षांची पोर मला म्हणते, ‘आजोबा, धिस इज सो एम्बॅरसिंग.’ मी म्हटलं, बाळा, तुझंही नाव ‘परिवार’मध्ये आलंय.

खैरुद्दीनला सांगितलंय की वाट्या मोजून दे. शंभर पाठवल्या आहेत. एक इथे ठेवली, नमुना म्हणून.

तुझा
गोपीनाथ

ता. क. सुझी, तुमचं कपाट कुणाला द्यायचं ठरलं? नाही तर मी घेते. लतिका.

*

अल रीम
१३ फेब्रुवारी

प्रिय गोपीनाथ,

वाट्या मिळाल्या. काय सांगू तुला. ओहोटीला पाणी उतरलं की शंभर वाट्या उन्हात अशा चमकतात, की परवा एक बोटवाला वाट वाकडी करून बघायला आला. तुझं नाव बगळे वाचत नाहीत हे मी म्हटलं होतं ते मागे घेतो. एक बगळा बराच वेळ एका वाटीसमोर उभा होता. ‘परिवार’ शब्दावर अडला असावा.

एका वाटीत खेकडा राहायला आलाय. भाडं देत नाही, पण जागा नीट ठेवतो.

हे सगळं पत्रात काय सांगायचं? डोळ्यांनी बघायला हवं. शनिवारी सकाळी ओहोटी आहे.

तुझा
जेरार्ड

*

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क
२० फेब्रुवारी

प्रिय जेरार्ड,

परवा येतोय. मी, लतिका, रुपेश, पर्णिका. मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी फोटो हवा आहे, म्हणून पांढरी पँट आणि नवे पांढरे बूट घालतोय. फीत आणि कात्री घेतली आहे. नारळही घेतलाय, खाडीला वाढवायला.

त्या खेकड्याला तेवढा घरी थांबायला सांग.

गोपीनाथ

*

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क
२७ फेब्रुवारी

जेरार्ड,

प्रिय वगैरे लिहिणार नाही.

आपण खोटारडे आहात. मी फीत-कात्री घेऊन उभा, आणि समोर चिखल. वाटी एक नाही. खेकडे होते, पण ते सगळे स्वतःच्या घरात राहतात. मी नारळ काढला तर हेडबाई काही बोलण्याआधी माझीच नात म्हणाली, ‘आजोबा, दॅट्स लिटरिंग.’ नारळ परत घरी आणून त्याची चटणी केली.

तू म्हणालास, वाट्या पुढे आहेत, चार पावलं चल. मी चाललो. तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेलो. उजवा पाय वर आला, बूट आला नाही. आणि तू, चौतीस वर्षांचा मित्र, काठावर उभा राहून मला सांगतोस, ‘पडलाच आहेस तर हाताजवळची ती पिशवी काढ.’

मी काढली. बोटभर जाडीच्या रोपाच्या गळ्यात ब्रेडची पिशवी, अगदी आवळून बसली होती. काढली तसं ते रोप सरळ झालं. माझ्या डोळ्यांदेखत सरळ झालं. मग पुढचं दिसलं, त्यालाही होती. तेवीस काढल्या असं पर्णिका म्हणते, ती काठावरून मोजत होती.

आणि वाट्या कुठे सापडल्या? सुझीवहिनींच्या टेबलावर. काम संपवून आलेल्यांना त्यांतून सोलकढी. कोकम माझंच, वाटी माझीच. मी एका पायात बूट घालून उभा, आणि तो नेल्सन का कोण, माझ्यासमोर वाटी पुढे करतो आणि म्हणतो, ‘मॅडम, वन मोर गोपीनाथ, प्लीज.’ मग दुसरी बाई म्हणते, आजचा गोपीनाथ जरा आंबट झालाय.

लतिका घरी पोचेपर्यंत हसत होती. मी तुझ्याशी बोलत नाही. हे पत्र फक्त कळवण्यासाठी आहे.

गो. रा.

*

अल रीम
६ मार्च

प्रिय, प्रिय, प्रिय गोपीनाथ,

तीनदा लिहिलं, मागची बाकी चुकती.

खरं सांगतो. वाट्या आल्या त्याच दिवशी मी दोन टांगून पाहिल्या. रोपं वाकली, आणि तारेने साल कापली जाते असं एमान म्हणाली. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की चौतीस वर्षं हॉटेलच्या रिसेप्शनवर काढलेला मी लगेच तार सोडवायला लागलो. मग तिचं लक्ष खोक्याकडे गेलं. दर शनिवारी आमच्याच लोकांचे प्लास्टिकचे पेले वाऱ्याने खाडीत जायचे आणि आम्हीच ते वेचायचो. ‘या वाट्या धुऊन परत वापरता येतील?’ म्हणाली. त्या दिवसापासून इथे एक पेला खाडीत गेलेला नाही. तुझ्या दानाने रोपांचं खरंच भलं झालं, फक्त तू सांगितलंस तसं नाही.

कढीला गोपीनाथ कुणी म्हणायला लागलं ते मला माहीत नाही. वाटीवर एकच नाव आहे, लोकांना वाटलं पदार्थाचं असेल. मी दुरुस्त केलं नाही, हा माझा गुन्हा. रमजान सुरू झालाय, तर आता शनिवारी संध्याकाळी खाडीकाठी इफ्तारलाही तोच असतो. एमान खजुरानंतर पाणी पिते आणि मग तुला पिते.

तुझा बूट सापडला नाही.

तो म्हातारा अजून पालक शोधतोय. एवढंच.

तुझा
जेरार्ड

*

अल रीम
गुरुवार, १७ एप्रिल

प्रिय गोपीनाथ,

सहा आठवडे झाले, तुझं पत्र नाही. खैरुद्दीन मसाला देतो आणि माझ्याकडे न बघता जातो, म्हणजे त्यालाही काहीतरी पढवलं आहेस.

आज पवित्र गुरुवार. संध्याकाळी देवळात फादर बारा जणांचे पाय धुतील. मला तुझा तो चिखलाचा पाय आठवला, बाटलीभर पाण्यात मी धुतला होता आणि तू सबंध वेळ शिव्या देत होतास. आज खोटं राहू देऊ नये असं वाटतं.

तो म्हातारा मी आहे.

एकतीस मेचं विमान आहे. तुला सांगितलं नाही, कारण तू हॉल घेतला असतास, शाल आणि नारळ दिला असतास, माईकवर रडला असतास, आणि मग मलाही रडावं लागलं असतं. आयडी कार्ड परत करायचं, घराच्या किल्ल्या परत करायच्या. सगळं परत करण्याच्या यादीत आहे, फक्त ती रोपं नाहीत. ती कुणाला परत करू? काल मोजली. एकशे चाळीसमधली एकशे चौतीस उभी आहेत. जेवढी वर्षं मी इथे तेवढीच वरची चौतीस, असं सुझी म्हणाली आणि आत निघून गेली.

मला कंपनी नको आहे, माळी नको आहे, तुझे हजार दिरहॅम नको आहेत. मला तू हवा आहेस. चार वेळा उतर, गोप्या. एकदा पडला आहेस, म्हणजे तीनच राहिल्या.

तुझा
जेरार्ड

*

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क
२४ एप्रिल

प्रिय जेरार्ड,

हे तीन महिन्यांपूर्वी सरळ सांगायला तुझं काय जात होतं?

तुझं पहिलं पत्र आलं नऊ जानेवारीला. सुझीवहिनींनी लतिकाला सांगितलं होतं पाच तारखेला. दोघी रोज सकाळी पाऊण तास बोलतात, आणि तुला वाटलं तुझं गुपित राहील? लतिका पत्राखाली तुझ्या खोक्यांचं, कपाटाचं विचारत होती आणि तू म्हणे पापड.

मी नाही म्हणत राहिलो, पाकीट पाठवलं, वाट्या पाठवल्या, कारण मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. चौतीस वर्षांत तू माझ्याकडे काही मागितलेलं नाहीस. कंपनी काढली तेव्हा पहिली सगळी पत्रं तू लिहून दिलीस, आणि पैसे देऊ केले तर चहा मागितलास. एकदा तरी मागशील, मग मी देईन, असं ठरवून बसलो होतो. वाट्यांचा हट्ट मात्र खरा होता. तो मी नाकारत नाही.

आता ऐक. मी आणखी तीन वेळा उतरायला हवं होतं ना? नऊ मार्च, तेवीस मार्च, तेरा एप्रिल. सगळे रविवार. रविवारी सकाळी तू कुठे असतोस ते मला माहीत आहे. तू चर्चमध्ये झावळ्या हातात धरून उभा होतास, तेव्हा मी तुझ्या पट्ट्यात शेवाळ सोडवत होतो आणि एमान वहीत सही घेत होती. ती हेडबाई आहे, पण गुपित तुझ्यापेक्षा चांगलं ठेवते. गेल्या रविवारी फॉर्मवर सही केली. पट्टा माझ्या नावे झाला.

एकशे चौतीस नाहीत, एकशे पस्तीस आहेत. मोठ्या खडकामागचं एक तू मोजत नाहीस. तुझं गणित आधीपासून कच्चं आहे.

आणि हो, बूट मला सापडला. त्यात खेकडा राहतो. हे खरं आहे, पर्णिकाने फोटो काढलाय.

तुझा
गोपीनाथ

ता. क. सुझी, हॉल बुक केलेला नाही, मी करू दिला नाही. कपाट मात्र घेते. लतिका.

*

अल रीम आयलंड
शनिवार, २० सप्टेंबर २०२५

प्रिय जेरार्ड,

तुमच्या इमारतीतला व्हर्नन सुट्टीवर वसईला येतोय, त्याच्या हाती हे पत्र. खाडीकाठच्या बाकावर बसून लिहितोय, म्हणून कागदाला मीठ लागलंय. अक्षर लागलं नाही तर सुझीवहिनींना विचार.

तू गेलास त्या दिवशी विमानतळावर मी हसत होतो, ते तुला दाखवायला. परत येताना गाडी बाजूला घेऊन चांगला रडलो. खैरुद्दीनने एसी मोठा केला आणि रेडिओ लावला. भला माणूस आहे.

उन्हाळा वाईट गेला. चार रोपं गेली, मला दोन दिवस जेवण गेलं नाही. एकशे एकतीस आहेत. चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं वर यायला लागली आहेत, श्वास घ्यायला. चकलीच्या मशीनपेक्षा शहाणी आहेत. पर्णिका दर वेळी येते, आणि मी काही चुकलो की एमानला इंग्रजीतून सांगते.

नवीन लोक येतात, विचारतात, हा पट्टा कुणाचा? वहीत माझं नाव आहे, वाट्यांवर माझं नाव आहे, कढीला माझं नाव आहे. एवढं नाव आयुष्यात मिळालं नव्हतं. पण तोंडातून दर वेळी तेच येतं, ‘जेरार्डचा आहे. गावी गेलाय, येईल.’ आता सगळे तसंच म्हणतात. कालच एमानने कुणाला तरी सांगितलं, जेरार्ड इज ऑन लीव्ह, इन्शाल्ला बॅक सून. मी दुरुस्त केलं नाही.

सोबत एक वाटी आहे. शंभर इथे, ही एकशे एकावी, नमुन्याची. तिच्यावर माझं नाव आहे. भांड्यावर नाव कशासाठी घालतात ते तुला ठाऊक आहे. भांडं कुणाच्याही घरी गेलं तरी ते परत यावं म्हणून. तर ती मला परत हवी आहे. व्हर्ननच्या हाती चालणार नाही, कुरिअरने चालणार नाही. ज्याच्या घरी गेली त्याने स्वतः आणून द्यायची. आणि रिकामी आणायची नाही.

तुझा
गोपीनाथ

ता. क. सुझी, नोव्हेंबरची तू म्हणालीस तीच तारीख धरली आहे. रुपेशने व्हिजिट व्हिसाचे फॉर्म भरलेत, दोघांचे फोटो तेवढे पाठव. कपाटातला एक खण तुमच्यासाठी रिकामा ठेवलाय. वाटीत सुकेळी घाल, आणि यंदा यांना मोजून दे. लतिका.